कोरडी खोली

डिह्युमिडिफायर घेतला तेव्हा घरात मी आईचं नाव पुढे केलं होतं. चांगलं महागाचं यंत्र. पुस्तकांसाठी घेतोय म्हटलं असतं तर बायकोने दारातच अडवलं असतं. आईला दमा आहे, पावसाळ्यात ती रात्र-रात्र खोकते, हे खरंच होतं. त्या खऱ्याच्या आडून मी खोटं बोललो.

आमची रत्नागिरी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतात, चामड्याच्या चपलांवर हिरवी बुरशी चढते. माझ्या जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा असाच बुरसटला आणि मी दुकानं पालथी घालायला लागलो. काय तो अभ्यास! दिवसभरात पेलाभर पाणी काढणारी खेळण्यातली यंत्रं बाद केली. खोक्यावरचे ‘दिवसाला २० लिटर’ बहुधा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरून मोजलेले असतात. खोली कोरडी होत गेली की पाणी बरंच कमी निघतं, हेही शोधून काढलं. आतलं काम फ्रिजच्याच जातीचं: दमट हवा थंडगार नळ्यांवरून ओढायची, पाणी टाकीत पाडायचं आणि कोरडी, जराशी गरम हवा खोलीत परत सोडायची. दारं-खिडक्या बंद हव्यात, नाहीतर अख्खं कोकण वाळवत बसावं लागेल! आई खिडकी बंद करून झोपू शकते का, एवढं मात्र तिला विचारलं नाही.

पहिले आठ दिवस यंत्र तिच्या खोलीत होतं. त्याची घरघर तिला सोसेना, उकडलं की ती सवयीने खिडकी उघडायची. मला तेवढंच हवं होतं. “खिडकी उघडी ठेवलीस तर याचा उपयोग काय?” असं जरा चढ्या आवाजात म्हणालो. ती म्हणाली, “ने रे बाबा पुस्तकांकडे. मला काय धाड भरलीय?” तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटणं आज टोचतंय.

गेल्या महिन्यात आर्द्रता दाखवणारा एक छोटा मीटर आणला. पुस्तकांच्या खोलीत ५४. खूश झालो. सहज म्हणून तो आईच्या उशाशी, इनहेलर आणि बामाच्या डबीशेजारी ठेवला. आकडा हळूहळू चढत गेला: ७१, ७९, ८६. साठ टक्क्यांच्या वर बुरशीला रान मोकळं, हे मला तोंडपाठ होतं. उशीचा अभ्रा चाचपला, तर हाताला सर्द लागला. कपाट पुढे ओढलं. मागे भिंतीला पोपडे धरलेले आणि काळ्या ठिपक्यांची हातभर रांग. कपाट तिथून किती वर्षांत हललं नव्हतं, हे आठवेना.

मी जुलैतला. निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून त्यावर माझी दुपटी कशी वाळवायची, रात्री उठून ती कशी उलटायची, हे आई दर पावसाळ्यात सांगते. दर पावसाळ्यात मी मोबाइल बघत ‘हूं’ म्हणतो.

यंत्र आता तिच्या खोलीत आहे. ती दुपारी बाहेर ओटीवर बसते तेव्हा दार-खिडकी लावून चार तास चालवतो, झोपायच्या आधी बंद. टाकी मीच ओततो. आज संध्याकाळी मीटर ५९ दाखवत होता, सकाळपर्यंत तो पुन्हा चढेल. कारण भिंतीतून झिरपणारं पाणी काही हे यंत्र थांबवत नाही. बाहेरच्या गिलाव्याला भेग आहे, ती बुजवायला हवी. पाऊस उघडला की गवंड्याला बोलावतो, असं मी आईला सांगितलंय. गेल्या वर्षीही हेच सांगितलं होतं.