बघ्याचे देणे

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा सारा धानाचा मुलूख. पीक हाती येऊ लागते, गावोगाव मंडया भरतात आणि वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या ट्रकमधून सामान लादून निघतात, त्या थेट होळीपर्यंत फिरत राहतात. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि उजाडता उजाडता संपते. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरते, नाटकाच्या निमित्ताने सोयरिकीसुद्धा जुळतात. या रंगभूमीवर आयुष्य घालविणाऱ्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे घरचाच मनुष्य मोठा झाल्यासारखे वाटले.

गेल्या हंगामात ब्रह्मपुरीकडच्या एका गावी आम्ही सहकुटुंब नाटकाला गेलो होतो. मध्यरात्र उलटून गेली होती. मुलाच्या शवापाशी बसलेल्या आईचा प्रवेश चालला होता. मंडप अगदी चिडीचूप. इतक्यात पडद्यामागून खरेच एक तान्हे मूल रडू लागले. ते त्या नटीचेच होते. तिची मान वळली, वाक्य तुटले, प्रॉम्प्टर दोनदा ओरडला तरी तिला ओळ सापडेना. मंडपात हशा पिकला. मीही हसलो, इतकेच नव्हे, तर हातातल्या मोबाईलवर ते सारे टिपले आणि लागलीच नातेवाइकांना धाडून दिले.

पहाटे चहाच्या टपरीवर एक अनोळखी तरुण मला म्हणाला, "पाहा न जी गुरुजी, कशी गडबडली बाई!" त्याच्या मोबाईलवर तेच दृश्य होते. त्यात सर्वांत जवळून ऐकू येणारे हसू माझे होते. चार पावलांवर ती नटी मूल खांद्याशी धरून उभी होती. तिने एकदा तिकडे पाहिले, मुलाच्या डोक्यावर पदर ओढला आणि गाडीत जाऊन बसली.

तेव्हापासून मी स्वतःला विचारतो आहे: मी नेमके काय केले? कोणी म्हणेल, काहीच नाही. ती उघड्या रंगमंचावर होती, तुम्ही तिकीट काढले होते; दाखविण्यासाठी ठेवलेले तुम्ही पाहिले. युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. शिवाय प्रेक्षकाने हसावे, शिट्टी मारावी, 'वन्स मोअर' द्यावा, हा तर त्याचा जुना हक्क. तो काढून घेतला तर नाटकाचे कीर्तन होईल.

पण तिकीट नाटकाचे होते. तिने दाखवायला आणलेली आई ही भूमिकेतली आई होती. मुलाच्या हाकेने जिची मान वळली, ती आई तिने विकायला काढलेली नव्हती. मी पहिलीचे दाम दिले आणि दुसरी उचलून नेली. नाटक फसले म्हणून हसणे वेगळे आणि माणूस उघडा पडला म्हणून हसणे वेगळे. अंधारात ही सीमा दिसत नाही, हे खरे. पण अंधारात वाट चुकणाऱ्याला आपण शेजाऱ्याच्या शेतातले धान कापू देत नाही.

पूर्वीही लोक हसत असत. मात्र ते हसू त्या रात्रीचे, थंडीत एकत्र कुडकुडणाऱ्यांचे होते. पुढच्याच प्रवेशात तीच माणसे तिच्यासाठी डोळे पुसत. माझ्या मोबाईलने हसू तेवढे उचलले आणि डोळे पुसणे मंडपातच टाकून दिले. तिने त्या रात्री पुन्हा ओळ पकडली होती, प्रवेश उत्तम वठवला होता. ते मी टिपले नव्हते.

घरी येऊन ते चित्रण पुसून टाकले. पण बाण सुटल्यावर भाता रिकामा करून काय उपयोग! टपरीपाशी चार पावले चालून 'बाई, चुकले' म्हणता आले असते. चार पोरांना रोज खरे बोलायला शिकविणाऱ्या माझ्या पायांना ती चार पावले जड गेली.

यंदाही आम्ही नाटकाला जाणार आहोत. धाकटीने विचारले, "बाबा, मोबाईल घरीच ठेवायचा का?"

म्हटले, "घे बरोबर. परतीच्या वाटेवर उजेडाला लागेल."