हिशेबतपासनीस आणि ‘कोणाचे भले?’

दुसऱ्या शाखेतला पदवीधर अर्थशास्त्राच्या एम.ए.ची तयारी करतो तेव्हा कलन आणि संख्याशास्त्र घेऊन बसतो. ते लागतेच. पण ‘कोणाचे भले?’ हा प्रश्न अभ्यासक्रमात सापडतो, की बाहेरून आणावा लागतो?

याचे उत्तर शोधताना एक नाव आठवते. वर्ध्याच्या मगनवाडीशी ज्यांचे नाव जोडले गेले ते जे. सी. कुमारप्पा तंजावरचे ख्रिस्ती, लंडनमध्ये शिकलेले हिशेबतपासनीस. पुढे कोलंबिया विद्यापीठात ते अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन यांच्याकडे सार्वजनिक वित्त शिकले. ताळेबंदाची सवय तिथे कामी आली. इंग्रजी राजवटीचा जमाखर्च तपासताना भारताच्या दारिद्र्याची मुळे कुमारप्पांना त्यातच दिसली.

१९२९मध्ये गांधीजी भेटले. मग त्यांच्या सांगण्यावरून गुजरातेत मातर तालुक्याची आर्थिक पाहणी झाली, आणि १९३४मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. संघाच्या मगनवाडीतल्या केंद्रात लाकडी घाणा, हातकागद यांवर प्रयोग सुरू झाले.

म्हणजे श्रद्धेने गणिताची जागा घेतली का? नाही. स्वातंत्र्यलढ्यात जबलपूरच्या तुरुंगात असताना कुमारप्पांनी येशूच्या शिकवणीवर लिहिले आणि टिकाऊ अर्थव्यवस्थेवरही. नीती त्यांनी हिशेबाबाहेर ठेवली नाही. निसर्गाचा साठा उपसून मिळालेली कमाई जमेत धरायची की खर्चात, हे त्यांनी हिशेबतपासनिसाच्याच नजरेने विचारले.