एकशे त्रेपन्न मासे



उपासना वर्ष 'क' मध्ये पुनरुत्थान काळातील तिसऱ्या रविवारी आपण संत योहानाच्या शुभवर्तमानातील एकविसावा अध्याय ऐकतो. रात्रभर हाती काही न लागलेले सात शिष्य, पहाटे काठावर उभा असलेला प्रभू, आणि जाळ्यात १५३ मोठे मासे. 'दीडशेच्या वर' म्हटले असते तरी चालले असते. मग नेमके १५३ का?

प्रश्न फार जुना आहे. मासे १५३ जातींचे असतात असे त्या काळचे लेखक मानीत, असे संत जेरोम यांनी नोंदवले. संत अगस्तीन यांनी मात्र गणित केले. १ पासून १७ पर्यंतच्या सर्व संख्यांची बेरीज १५३ होते. (घरी चिंचोके मांडून पाहावे : वर एक, खाली दोन, मग तीन, अशा १७ ओळींत बरोबर त्रिकोण भरतो.) आणि १७ म्हणजे १० आज्ञा व पवित्र आत्म्याची ७ दाने. काय करावे हे आज्ञा सांगते, ते करण्याचे बळ आत्मा देतो.

आणखी एक गंमत धर्मशिक्षण वर्गातील मुलांसाठी. १५३ मधल्या प्रत्येक अंकाचा घन करा : १, १२५ आणि २७. बेरीज पुन्हा १५३! ३ हा अंक घेऊन हेच करत राहिलो तर ३ चे २७, २७ चे ३५१ आणि ३५१ चे १५३ होतात. पवित्र त्रैक्याची खूण सापडली, असे म्हणण्याचा मोह इथे होतो. पण जरा थांबू या. प्रकटीकरणातील श्वापदाची संख्या ६६६. तिचे ६४८, मग ७९२, १०८०, ५१३ आणि शेवटी १५३! तीनने भाग जाणारी कोणतीही संख्या घ्या, वाट इथेच येते. शिवाय ३७०, ३७१ आणि ४०७ यांच्याही अंकांचे घन मिळवले की तीच संख्या परत मिळते. योहानाच्या काळी ग्रीक लोक संख्या अक्षरांनी लिहीत. १, ५, ३ असे शेजारी मांडण्याची दशमान पद्धत भारतात रुजली आणि युरोपात पुष्कळ शतकांनी पोहोचली. म्हणजे ही घनांची गंमत योहानाला दिसणेच शक्य नव्हते. चिंचोक्यांचा त्रिकोण मात्र कोणत्याही लिपीत तसाच राहतो.

हे सांगण्याचे कारण आहे. गाडीच्या 'लकी' नंबरासाठी जादा पैसे मोजणारे, लग्नाची तारीख अंकज्योतिषाला विचारणारे आपल्यातही आहेत. अगस्तीन यांनी संख्येचा आधार घेतला तो आधीच प्रकट झालेले सत्य लोकांच्या लक्षात राहावे म्हणून. अंकज्योतिषी तिच्यातून उद्याचे भविष्य काढू पाहतो. असे भविष्य पाहणे ख्रिस्तसभा पहिल्या आज्ञेविरुद्ध मानते. दोन्हीकडे बेरीजच आहे, पण श्रद्धा कशावर ठेवली यात फरक आहे.

आम्हाला वाटते, उत्तर कदाचित साधेच असावे. मासेमारी करणारे मासे मोजतात, कारण वाटे करायचे असतात. सात जणांत १५३ वाटले तर प्रत्येकी २१ येतात आणि ६ उरतात. त्या सहांचे काय झाले, योहान सांगत नाही. पण प्रभूने शिष्यांच्या जाळ्यातले काही मासे मागितले होते, एवढे तो सांगतो. काठावर निखाऱ्यांवर मासळी आधीच भाजत होती. ती या १५३ मध्ये धरलेली नाही.