देणे आणि देऊन टाकणे

सुट्टी जवळ आली की अबू हलीफा, मंगाफ, फहाहीलमधल्या आपल्या घरांतून बॅगा भरायला सुरुवात होते. विमानाच्या वजनात कसेबसे बसवलेले एक गाठोडे त्यात हमखास असते. "गावाकडच्या गोधडीवालीला देऊन टाकू. कपडा वाया जाणार नाही, तिलाही काम मिळेल." पर्यावरणही सांभाळले, दानही झाले! मला त्यातला 'टाकू' खटकतो. मराठीत देणे वेगळे आणि देऊन टाकणे वेगळे.

गोधडी मुळात गरजेतून आलेली. जुनी सुती लुगडी, धोतरे एकावर एक अंथरायची आणि धावदोऱ्याने सगळे थर एकजीव करायचे. वर्षानुवर्षे धुतलेले सूत मऊ होते, सुई त्यातून सहज जाते. (टाके मीही घालतो, पण इतक्या थरांतून दिवसभर सुई ओढणे मला जमणार नाही.) आपल्या गाठोड्यात मात्र पॉलिएस्टरच्या साड्या, ताणणारे टी-शर्ट आणि जाड जीन्स. त्यात घाम मुरत नाही, सुई अडते, बोटे सोलतात. आपली अडगळ आपण तिच्या दारात नेऊन ठेवतो आणि वर तिने आभार मानावेत अशी अपेक्षा!

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यात घेणाऱ्याचा मान न राखता, तुच्छतेने दिलेले दान तामस ठरवले आहे. तिथे वस्तूच्या किमतीचा प्रश्नच नाही. दिल्लीत अंशू गुप्ता यांनी 1999 साली सुरू केलेल्या 'गूंज' संस्थेने हाच मुद्दा वेगळ्या वाटेने पकडला. गावकऱ्यांनी विहीर, रस्ता, बांध अशी आपल्याच गावची कामे करायची आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे. गुप्ता यांना 2015 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कपडे जुनेच असतात, पण घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही.

"पण मजुरी दिली तर ते दान कसले?" असे आमच्याकडे एका वहिनींनी विचारले. नसेना का दान! मॉलमधल्या रजईची किंमत आपण निमूट मोजतो आणि हाताने शिवलेल्या गोधडीसाठी शंभर रुपयांची घासाघीस करतो. कापड द्यायचे तर सुती, न विरलेले, धुऊन वाळवलेले द्यावे. उन्हाला इथे काय तोटा? 2016 च्या जुलैत कुवेतमधल्याच मित्रिबाहला 53.9 अंश तापमान नोंदले गेले होते.

आणि आधी तिला विचारावे. मागच्या सुट्टीत गावच्या एका मावशींना मी विचारले, तर म्हणाल्या, "डाक्टर, कापड रग्गड हाय. सुईत दोरा ओवता येईना." मोतीबिंदू तर नाही ना, म्हणून आधी डोळे तपासून घेतले. नव्हता. साधी चाळिशी लागली होती. चष्मा लावून पहिल्याच झटक्यात दोरा ओवला आणि मला म्हणाल्या, "आता आणा तुमचं गाठोडं."