राक्षसाची वकिली

लहान मुलांना राक्षस, पऱ्या, उडते गालिचे यांच्या गोष्टी सांगणे म्हणजे खोटे बोलणे काय? प्रश्न गंभीर आहे. बी.कॉम. झालेल्या माणसाने असल्या भानगडीत पडू नये, फार तर व्याज काढावे. पण वाईत राहून विचार टाळणार कसा? इकडे कृष्णामाई, तिकडे विश्वकोशाचं कार्यालय! तर्कतीर्थांच्या गावात राक्षसाची वकिली करायची म्हणजे छाती हवी.

आमच्या आळीतल्या निवृत्त मास्तरांचं मत पक्कं आहे. "असल्या पुस्तकांनी पोरं बिघडतात." मास्तर एकटे नाहीत म्हणा. दायांनी मुलांना पसंत करून दिलेल्याच गोष्टी सांगाव्यात, असं प्लेटोनं 'रिपब्लिक'मध्ये लिहून ठेवलंय. 2000 साली हॅरल्ड ब्लूम या बड्या अमेरिकन समीक्षकानं हॅरी पॉटरला झोडपलं, तेही 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये. शेअरबाजाराच्या पत्रात बसून जादूला नावं ठेवायची, कमाल आहे!

मी वाढलो 'चांदोबा'वर. 1947 साली मद्रासेत तेलुगू-तमिळमधून निघालेलं हे मासिक 1952 साली मराठी बोलू लागलं. आता बंद पडलं. त्यातला वेताळ विक्रमाच्या खांद्यावरून विचारायचा, खरा अपराधी कोण, मोठा त्याग कुणाचा? त्यावरून आम्ही पोरं घाटावर हातघाईवर यायचो. प्रेत बोलतं कसं, हे मात्र कुणी विचारलं नाही. ते बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊकच होतं. ज्यानं ऐकायचं त्यालाच ठाऊक असेल तर फसवलं कुणाला? पोरांची हरकत वेगळीच असते. राक्षसाचा जीव पोपटात ठेवलात ना? मग पोपटाची मान मुरगळताच राक्षस मेला पाहिजे. अर्ध्या तासानं मेलेला चालत नाही. इतका कडक ऑडिटर आमच्या शाखेत अजून आलेला नाही.

आणि मोठी माणसं? शंभराच्या नोटेवर गव्हर्नरसाहेब धारकाला शंभर रुपये देण्याचं वचन देतात. ती घेऊन त्यांच्याकडे गेलात तर काय मिळेल? दुसरी शंभराची नोट! एक रुपयाच्या नोटेवर तर वचनही नाही, नुसती अर्थसचिवांची सही. वीस वर्षं मी काउंटरवरून या परीकथा वाटतोय, एका गिऱ्हाइकानं शंका काढलेली नाही. वर्षात दामदुप्पट देणाऱ्याच्या नादानं ठेव मोडायला येतात, त्यांत दहा वर्षांच्या आतला एकही नसतो.

हे सगळं मी मास्तरांना ऐकवलं. ते हसले नाहीत.

"माझ्या वर्गात एक मुलगी होती," ते म्हणाले. "घरी नवी आई आली, त्या आठवड्यात पोरीनं डबा खाणं सोडलं. गोष्टीतली सावत्र आई विष घालते, असं तिनं वाचलं होतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

"मग काय केलंत, मास्तर?"

"काय करणार? रोज मधल्या सुट्टीत जवळ बसवून दुसरी गोष्ट सांगायला लागलो. मनानंच रचली. तीत सावत्र आई चांगली होती."

"आणि राक्षस?"

"होता तर! त्याशिवाय ऐकली असती होय ती?"