अंगठ्याची गाठ

वसई

चि. भाचीस,

अर्नाळ्याच्या त्या काकांच्या अंगठ्याची गाठ कुरूप समजून वर्षानुवर्षं खरवडली गेली, आणि आता स्लाइड तुझ्या टेबलावर आली. ‘सीडी34 पॉझिटिव्ह आहे, अ‍ॅक्रल फायब्रोमिक्सोमा लिहून टाकू का?’ असं विचारतेस. एवढ्यावर नको लिहूस.

तुझा अंदाज बरोबर असेलही. नखालगतची जागा, हळू वाढ, बुळबुळीत मिक्सॉइड पार्श्वभूमीत विखुरलेल्या स्पिंडल पेशी, मधूनच मास्ट पेशी: सगळं जुळतं. फेट्श आणि सहकाऱ्यांनी 2001 साली 37 रुग्णांवरून ही गाठ वेगळा प्रकार म्हणून मांडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या वर्गीकरणात ती सौम्य गाठींत आहे.

पण सीडी34चा रंग डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबेरन्स या सार्कोमातही तसाच ठळक उमटतो. हा सार्कोमा बहुधा धडावर आणि खांद्याकडे होतो, बोटावर क्वचित. पण क्वचित म्हणजे कधीच नाही, असं नव्हे. चरबीत जाळं विणत घुसतो आणि अर्धवट काढला की परत उगवतो. म्हणून रंगापेक्षा गाठीची खालची कड बघ. वरवरचा तुकडा आला असेल तर ती कड त्यात असणारच नाही. सर्जनला सरळ फोन कर आणि खोलवरचा भाग माग. तरुण डॉक्टरांना या फोनचा संकोच का वाटतो, देव जाणे! एस100 निगेटिव्ह असेल तर मज्जातंतूची गाठ मागे पडते, एमयूसी4 निगेटिव्ह असेल तर लो-ग्रेड फायब्रोमिक्सॉइड सार्कोमा. तरीही मन खात असेल तर फिश चाचणीने सीओएल1ए1-पीडीजीएफबी ही जनुकांची जुळणी शोधायची. ती असली की आपली सौम्य गाठ बाद.

तोवर रिपोर्टात ‘सीडी34 पॉझिटिव्ह मिक्सॉइड स्पिंडल पेशींची गाठ, पुढील तपासण्या आवश्यक’ एवढंच लिही. त्यात कमीपणा नाही. ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही परळला टाटात दुसऱ्या मतासाठी पाठव. 1941 साली सुरू झालेल्या त्या रुग्णालयाची पॅथॉलॉजी वसंत रामजी खानोलकरांनी उभी केली. आपल्यासारख्या टोकाच्या गावातून पाठवलेली गाठ तिथे कुणाला नवी नाही.

आणखी एक. तुमच्याकडे नमुने कधी सलाइनमधून येतात म्हणालीस. नर्सिंग होमना 10 टक्के फॉर्मॅलिनच्या बाटल्या तूच भरून पोचव, नमुन्याच्या दहापट द्रव राहील अशा.

काकांच्या अंगठ्याचा एक्स-रे झालाय का? ही सौम्य गाठसुद्धा कधीकधी हाड दाबून झिजवते, आणि काढताना काठाला राहिली तर पुन्हा येते. शस्त्रक्रिया ठरण्याआधी सर्जनला ते कळायला हवं.

तुझी मावशी