ओव्हरलोड का पडला?

गळीत हंगामाचे शेवटचे चार दिवस राहिले होते. ऊसतोड टोळ्या गावाकडं निघाल्या होत्या आणि गव्हाणीपुढची ट्रॉल्यांची रांग विरळ झाली होती. कृष्णाकाठच्या त्या साखर कारखान्यात सगळ्यांना बंदचे वेध लागलेले असताना तात्या वायरमन थर्मल कॅमेरा घेऊन एमसीसी रूमकडं, म्हणजे मोटरींच्या पॅनलांच्या खोलीकडं निघाले.

"तात्या, चार दिवसांनी बंदच आहे. मग निवांत उघडून बघू की," दिगू म्हणाला. आयटीआय करून लागल्यापासून त्याचा हा दुसरा हंगाम.

"बंद झाल्यावर पॅनल गार पडतं. गार पॅनलात सैल जोड आणि घट्ट जोड सारखेच दिसतात. ऊस संपत आलाय, उद्यापरवा लोडही उतरेल. बघायचं ते आजच."

ऑफ सीझनची देखभाल अनेकदा बंद पॅनलापासूनच सुरू होते. मग नेमका कुठला बोल्ट उघडायचा, ते कळणार कसं?

कच्च्या रसाच्या पंपाचा फीडर आला. मोटर 50 हॉर्सपॉवरची. तात्यांनी दार उघडलं आणि हातभर लांब राहूनच कॅमेरा धरला. ओव्हरलोड रिलेच्या टर्मिनलवर आर फेज 52 अंश, वाय 54, बी 79. क्लॅम्प मीटरवर तिन्ही फेजचा करंट मात्र जवळपास सारखा. रजिस्टरात मागची पानं 'ठीक, ठीक, ठीक' अशी भरलेली होती. तात्यांनी त्याखाली तिन्ही आकडे करंटसकट लिहिले.

गाळप थांबल्यावर दोघं त्याच फीडरवर आले. तात्यांनी सप्लाय बंद करून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. टेस्टर आधी चालू सप्लायवर लावून बघितला, मग फीडरवर, मग पुन्हा चालू सप्लायवर. टेस्टरच मेलेला असेल तर जिवंत तारही मेलेली दिसते, म्हणून हा खटाटोप. पॅनलातला बगॅसचा भुसा त्यांनी व्हॅक्यूमनं ओढून घेतला. हवेचा झोत मारला असता तर तोच भुसा रिलेच्या आत जाऊन बसला असता.

बी फेजच्या केबलच्या टोकाचा लग काळा पडला होता, केबलचं इन्सुलेशन कडक झालं होतं. दिगूनं पाना उचलला. तात्यांनी त्याचा हात धरला. "करपलेला लग आवळून काय होणार? काप, नवीन क्रिंप कर." मग दिगू काँटॅक्टरच्या काळपट काँटॅक्टवर पॉलिश पेपर फिरवायला निघाला, तेव्हाही त्यांनी थांबवलं. तो चांदीचा मिश्रधातू असतो. काळपटपणानं त्याचं काही बिघडत नाही, घासल्यानं मात्र आयुष्य कमी होतं.

तेवढ्यात तात्यांची नजर रिलेच्या डायलवर गेली. मोटरच्या नेमप्लेटवर 68 अँपिअर, डायल 80 वर.

दिगूची मान खाली गेली. "तात्या, मीच फिरवला. जानेवारीत नाईटला ओव्हरलोड सारखा पडायचा. मिल थांबायची, सगळे ओरडायचे. डायल वाढवला आणि पडायचा थांबला. शिफ्टमध्ये कौतुकही झालं."

तात्या रागावले नाहीत. त्यांनी कापलेला लग त्याच्या तळहातावर ठेवला. "रिलेत बायमेटलची पट्टी असते. ती तापली, वाकली की रिले पडतो. मोटर जास्त करंट घेत नव्हती, मग पट्टी तापली कशानं?"

दिगू लगकडं बघत राहिला. जोड सैल, म्हणून रोध जास्त. जिथं रोध तिथं उष्णता. ती टर्मिनलमधून पट्टीपर्यंत पोचत होती. तापलेलं तांबं प्रसरण पावायचं, पंप थांबला की आकसायचं आणि दर खेपेला पकड आणखी सुटायची. रिले जानेवारीपासून तेच सांगत होता. त्याचं तोंड बंद केल्यावर लग करपत गेला. शिवाय खरोखर लोड वाढला असता, तर 80 अँपिअरपर्यंत रिले गप्पच बसला असता आणि मोटर तापत राहिली असती.

"आता काय करू?"

"डायल 68 वर आण. काय झालं होतं ते रजिस्टरात लिही, खाली सही कर. पुढच्या पोराला कळू दे."

दिगूनं पाऊण पान लिहिलं. नवा लग टॉर्क पान्यानं कंपनीनं सांगितल्याइतकाच आवळला आणि बोल्टपासून टर्मिनलपर्यंत रंगाची रेघ ओढली. बोल्ट हलला तर रेघ तुटलेली दिसावी म्हणून.

पुढच्या हंगामात एका रात्री अडीचला तोच पंप बंद पडला. मिल हाऊसमधून आरडाओरडा झाला, "दिगू, डायल वाढव!" त्यानं सप्लाय बंद करून कुलूप घातलं, दार उघडून रेघ बघितली. ती शाबूत होती. मग बॅटरी घेऊन तो पंपाकडं धावला. पंपाचं बेअरिंग जाम झालं होतं.